चिचुंद्रीची पावलं

प्रिय धाकट्या,

हल्ली पाकीट येतं ते बँकेचं नाहीतर वकिलाचं. त्यामुळे वर माझं अक्षर बघून तू दचकला असशील. ताईनं पत्र लिहिलंय म्हणजे नक्की काहीतरी बिनसलंय. तसं बिनसलंय खरं, पण मी धडधाकट आहे, दोन वेळा जेवते, हिंडते-फिरते, हे आधीच सांगून टाकते. उभ्यानं वाचत असशील तर बस. आणि मधली पानं गाळून शेवटाकडे जाऊ नकोस. लहानपणी प्रत्येक गोष्टीच्या पुस्तकाचं तू तेच करायचास आणि वर शेवट मला सांगून माझाही विचका करायचास. हे मात्र माझ्या क्रमानं वाच. क्रम चुकला तर तू भलताच अर्थ काढशील अशी मला भीती आहे.

आठ महिने झाले, मी तुझा एकही फोन घेतला नाही. तू फोन करतोस, मी 'कामात आहे' असा संदेश टाकते, तू 'ठीक' एवढंच लिहितोस. आई गेल्यावर तिचं घर आवरताना आपलं जे झालं त्याचा राग मी धरून बसलेय असं तुला वाटतं, हे मला माहीत आहे. तुझ्या बायकोनंच तसं लिहिलं होतं. त्या दिवशी मी स्वयंपाकघरात नळाखाली आईची भांडी धूत होते आणि तू म्हणे माझ्या पाठीमागून काहीतरी विचारत होतास. एकदा, दोनदा, तीनदा. मग तू हातातली पेटी आपटलीस आणि म्हणालास की बाहेर माझं नाव झालं म्हणून घरच्यांना उत्तर द्यायचीही मला गरज वाटत नाही. ते तेवढं मी ऐकलं, कारण तेव्हा मी वळले होते आणि तुझं तोंड मला दिसत होतं. आधीचं काहीच ऐकलं नव्हतं. तू काय विचारत होतास ते मला आजही माहीत नाही. तेव्हाच सांगितलं असतं तर भांडण तिथल्या तिथे मिटलं असतं. पण सांगायचं म्हणजे आधी स्वतःशी कबूल करायचं, आणि ते माझ्याच्यानं होत नव्हतं.

माझं काम तुला कधी नीटसं कळलं नाही आणि मीही कधी बसून सांगितलं नाही. चारचौघांत 'ताई सिनेमात आहे' म्हणून तू मोकळा होतोस आणि लोक मला नटी समजतात. मी आवाज करते. पडद्यावर कोणी चाललं की त्याची पावलं मी वाजवते. कोट काढला की कापडाची सळसळ मी करते, हाड मोडलं की कोबीचा दांडा मोडते, पक्षी उडाला की चामड्याचे हातमोजे एकमेकांवर आपटते. माझ्या खोलीत नव्वद जोड बूट आहेत, वाळूचे आणि खडीचे हौद आहेत, मोडक्या छत्र्या आहेत, सायकलची साखळी आहे. बाहेरून बघणाऱ्याला भंगारवाल्याचं दुकान वाटेल. सव्वीस वर्षं मी त्या भंगारात रमले आहे, आणि खरं सांगायचं तर दुसऱ्या कशातही इतकी रमले नाही, संसारातसुद्धा नाही. साध्या सिनेमात थोडाफार आवाज शूटिंगच्या जागेचा असतोच. चित्रांच्या सिनेमात मात्र काहीच नसतं. कागदावर काढलेलं पाऊल वाजत नाही. तिथे पहिल्या श्वासापासून सगळं आम्हीच करायचं, म्हणून असं काम आलं की मला कोण आनंद होतो.

गेल्या वर्षी असं काम घेऊन एक नवी दिग्दर्शिका आली. वय एकोणतीस, बारीक कापलेले केस, बोटांना कायम शाई. तिनं चार वर्षं खपून सत्तर मिनिटांचा सिनेमा हातानं चितारला होता. गोष्ट एका चिचुंद्रीची. हसू नकोस, मीही हसले होते. एका उंच मनोऱ्यात कित्येक वर्षं बंद पडलेलं मोठं घड्याळ आहे आणि त्याच्या घंटेपाशी, एका कोनाड्यात, ही चिचुंद्री एकटी राहते. एकदा तिचा धक्का लागून एक दातेरी चाक एक घर पुढे सरकतं आणि 'टक्' असा आवाज होतो. झालं. त्या आवाजाचं तिला वेडच लागतं. ती गंज खरवडते, चाकांतलं जाळं काढते, कुठून कुठून तेल आणते. खालचे उंदीर तिची टवाळी करतात. आणि घड्याळ सुरू व्हायला एकच कळ उरलेली असताना तिच्या ध्यानात येतं की टोला द्यायला जो हातोडा उचलला जाणार, तो नेमका तिच्या कोनाड्यातून फिरणार आहे. घड्याळ चाललं की घर गेलं. दुसरीकडे जावं तर मनोऱ्यात सगळीकडे चाकं. सिनेमातली शेवटची दहा मिनिटं ती नुसती त्या कळीजवळ बसलेली आहे.

त्या दहा मिनिटांसाठी दिग्दर्शिकेला काय हवं ते ती मला काचेपलीकडून माइकवर सांगत होती. मी ऐकलं की तिला चिचुंद्रीचा वास हवाय. मी म्हटलं, वास मी कुठून आणू, तो तुम्ही चित्रातच घाला. सगळा स्टुडिओ हसला. मीही हसले, कारण सगळे हसत होते. मग आमच्या रेकॉर्डिस्टनं, ज्याला आम्ही मास्तर म्हणतो, हसत हसत स्वतःच्या छातीवर हात वर-खाली केला तेव्हा मला उमगलं की तिला श्वास हवा होता. लोकांना वाटलं, बाई काय हजरजबाबी आहे. पण हे पहिल्यांदा झालं नव्हतं. 'सात' ऐकून मी 'हात' समजत होते. चौकातल्या दुकानदाराला भलतीच उत्तरं देत होते. ओव्हनची घंटी वाजत नाही म्हणून मी तो दुरुस्तीला नेला, तर दुरुस्तीवाला म्हणाला, बाई, घंटी चांगली ठणठणीत आहे. मी त्याच्याशी वाद घालून आले.

मग चिचुंद्रीच्या पावलांचा दिवस आला. त्यासाठी मी एक युक्ती काढली होती. सुती हातमोज्यांच्या बोटांवर टाचण्यांची डोकी चिकटवायची आणि पत्र्याच्या डब्यावर बोटं नाचवायची. चाकांवरून पळणाऱ्या इवल्याशा नखांचा आवाज तसाच येतो, घरी करून बघितलं होतं, निदान मला तसं वाटलं होतं. मी कानांवर हेडफोन चढवले, समोर पडद्यावर चिचुंद्री धावू लागली, मी बोटं सोडली. काहीच नाही. मला वाटलं माइक बंद आहे. मी काचेकडे बघून खूण केली. मास्तरनं अंगठा वर केला, चालू द्या. मी पुन्हा सुरू केलं. चिचुंद्री पळते आहे, थांबते आहे, वळते आहे, माझी बोटं तिच्या पायांबरोबर पळत आहेत, आणि माझ्या कानांत नुसती पोकळी. दोन मिनिटं वीस सेकंद. धाकट्या, मी अनेकदा घाबरले आहे, पण असं कधी नाही. आपण बोलतोय आणि आपल्याच तोंडातून शब्द निघत नाहीत असं स्वप्न पडतं ना, तसं, फक्त डोळे टक्क उघडे. रेकॉर्डिंगचा दिवा विझल्यावर मास्तर बाहेर आला आणि म्हणाला, इतक्या वर्षांत असं काम ऐकलं नाही, एकही टेक पुन्हा घ्यायला नको. दिग्दर्शिकेच्या डोळ्यांत पाणी होतं. मी प्रसाधनगृहात गेले, दार लावलं आणि त्याच हातमोज्यांनी बेसिनवर, नळावर, आरशावर टकटक करत राहिले. अगदी कान टेकवून. आयुष्यातलं माझं सगळ्यात चांगलं काम मी केलं होतं आणि ते मला ऐकू आलं नव्हतं.

तू म्हणशील, तेव्हाच डॉक्टरकडे का गेली नाहीस. तू गेला असतास. तुला पुलाच्या खांबावर केसाएवढी भेग दिसली तरी तू वाहतूक थांबवतोस. मी उलटं केलं. लपवायचं कसं ते शिकले. आवाजाचा चढ-उतार दाखवणारे दिवे काचेपलीकडे असतात, त्यांच्यावर नजर ठेवून मी काम करू लागले. लोकांच्या ओठांकडे बघून बोलू लागले. फोनवर ओठ दिसत नाहीत, म्हणून फोन बंद केले. आधी अनोळखी लोकांचे, मग मैत्रिणींचे, मग तुझा. दिवसभर इतकं लक्ष ठेवून राहायचं की घरी आल्यावर जबडा दुखायचा. आणि सतत धाकधूक. मागून कोणी हाक मारली आणि आपण वळलोच नाही तर. एकदा दुपारी स्टुडिओच्या मागच्या गल्लीत मी बुटांची खोकी उचलून चालले होते. मालाचा ट्रक मागे येत होता. तो मागे येताना वाजतो तो बारीक भोंगा वाजतच असणार. मला कळलं ते खोक्याला धक्का लागला तेव्हा. बूट गल्लीभर पसरले. ड्रायव्हर खाली उतरून माझ्या अंगावर ओरडत होता, त्याच्या गळ्याच्या शिरा तट्ट फुगल्या होत्या, आणि मी त्याच्या पायांशी वाकून एकेक जोड जुळवत होते. त्याला वाटलं असेल, बाई वेडी आहे.

शेवटी बिंग फुटलं तेही बुटामुळेच. मनोऱ्याखालून जाणाऱ्या माणसांच्या गर्दीच्या एका दृश्यासाठी मी चालत होते. मास्तर म्हणाला, ताई, बूट कुरकुरतोय, बदला. मी बदलला. पुन्हा म्हणाला, कुरकुरतोय. मी आतल्या कपाटाशी जाऊन एकेक बूट कानाशी धरून वाकवला, मान डोलावली आणि एक जोड घालून आले. तिसऱ्यांदा तो उठला. दिग्दर्शिकेला म्हणाला, माइकची वायर गेलीय, तासभर चहा घेऊन या. मग आत आला, दार लावलं, माझ्यासमोर खुर्ची ओढून बसला आणि सावकाश बोलला. म्हणाला, तुम्ही परत तोच जोड घालून आलात. किती दिवस झाले? एवढंच. तो माझ्यापेक्षा दहा वर्षांनी लहान आहे आणि एरवी विनोद केल्याशिवाय त्याला श्वास घेता येत नाही. त्या दिवशी त्यानं एकही विनोद केला नाही, त्यानंच मी जास्त घाबरले. मी म्हटलं, सर्दी आहे. तो म्हणाला, बरं, मग सर्दीच्या डॉक्टरकडे जाऊ, मी येतो.

तपासणीच्या खोलीत मी अगदी सहज शिरले. तशीच गादी लावलेल्या भिंती, तशीच काच, तसेच हेडफोन. आवाज आला की बटण दाबायचं. आणि काय केलं असेल मी? लबाडी. वाटेल तेव्हा, अंदाजानं बटण दाबत राहिले. काचेमागची बाई कधी मान खाली घालते, तिचा खांदा कधी हलतो, ते बघून. संपल्यावर ती बाहेर आली आणि अजिबात न रागावता म्हणाली, मी आवाज दिला नव्हता तेव्हाही तुम्ही सात वेळा बटण दाबलंत. पुन्हा करू या का, या वेळी पाठ माझ्याकडे करून? मी एकावन्न वर्षांची बाई, शाळेत कॉपी करताना सापडलेल्या पोरीसारखी खाली मान घालून बसले. दुसऱ्यांदा खरं खरं केलं. मग तिनं कागद दाखवला. डावीकडे, जाड आवाजांच्या बाजूला, रेघ ठीक होती आणि उजवीकडे, बारीक आवाजांच्या बाजूला, ती कड्यावरून खाली पडावी तशी पडली होती. डॉक्टर म्हणाले, कानातल्या नसांचं आहे, गेलेलं परत येत नाही, आणखी किती जाईल, किती वर्षांत, ते आज सांगता येत नाही. यंत्र लावून बोलणं बरंच समजेल. बारीक आवाजांचं काही खरं नाही. मग त्यांनी विचारलं, घरात कोणाला होतं का असं? मी तत्काळ म्हटलं, नाही.

परत येताना मास्तर गाडी चालवत होता आणि मी खिडकीबाहेर बघत होते. अर्ध्या वाटेत माझ्या डोळ्यांसमोर आईची पाठ आली. टेबलाशी बसून मटार सोलणारी. आणि मागे आपण दोघं. आठवतं? तिच्या पाठीमागे उभं राहून आपण काहीबाही बोलायचो, 'आई, घराला आग लागली', 'आई, धाकट्याला वाघानं खाल्लं', आणि ती हलायची नाही, आणि आपण हसून हसून लोळायचो. बाबा म्हणायचे, तिला हवं तेवढंच ऐकू येतं. ती माणसांत जायची बंद झाली, दारावरची घंटा तिनं काढून टाकली, घरात सगळे तोंडातल्या तोंडात का बोलता म्हणून उलट आपल्यालाच ओरडायची. आणि त्याआधीची आई कशी होती ते तुला आठवणार नाही, तू फार लहान होतास. ती टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होती. कानावर तबकडी, समोर वायरींचं जंजाळ, शंभर माणसांचे आवाज ती नावानिशी ओळखायची. मला एकदा तिनं तिथे नेलं होतं, तिच्या मांडीवर बसून मी वायर खोचली होती. चाळिसाव्या वर्षी तिनं ती नोकरी एका दिवसात सोडली. मुलांकडे बघायचंय म्हणाली. आपल्याकडे बघण्यासारखं तेव्हा फारसं उरलं नव्हतं, मी पंधरा वर्षांची होते आणि तूही शाळेत जात होतास.

मी मावशीकडे गेले. ती आता सगळ्यांत मोठी, तिसऱ्या मजल्यावर एकटी राहते आणि मांजराशी बोलते. मी कागद तिच्यापुढे ठेवला. तिनं चष्मा लावला, कागद उलटा-सुलटा केला, तिला त्यातलं काही कळलं नसणार. पण मांजर तिनं मांडीवरून खाली ठेवलं. मग म्हणाली, तुझ्या आईनं मला शपथ घातली होती. एक्स्चेंजमध्ये आईनं एक फोन चुकीचा जोडला होता. कुणाच्या तरी बाळंतपणाची घाईची वेळ होती, डॉक्टरला लावायचा फोन भलत्याच नंबरला लागला. बाळ-बाळंतीण वाचली, पण आईनं दुसऱ्या दिवशी राजीनामा दिला. बाबांनाही खरं सांगितलं नाही. आणि धाकट्या, मावशी पुढे जे म्हणाली ते नीट वाच. तुझी आजी, म्हणजे आमची आई, तीही तशीच होती, असं ती म्हणाली. आईला ते ठाऊक होतं. मी पंचविसाव्या वर्षी आवाजाच्या कामाला जाते म्हटल्यावर आई जे भांडली, जेवणाचं ताट तसंच टाकून उठली, वर्षभर माझ्याशी बोलली नाही, ते आठव. वाटेल ते कर, पण कानांचं काम करू नकोस, असं ती म्हणाली होती. मला वाटलं, तिला माझ्या कामाची लाज वाटते. मी तिला म्हटलं होतं की तू स्वतः काही केलं नाहीस म्हणून मलाही करू देत नाहीस. मी ते तिच्या तोंडावर म्हटलं होतं, म्हणजे तिला कळलं असणार.

यावर मी किती दिवस विचार केला ते विचारू नकोस. एकदा तिचा राग यायचा, एकदा तिची दया. तिनं खरं सांगितलं असतं तर मी काय केलं असतं? हा प्रश्न मला सोडेना. आणि गंमत बघ, काम होतं ते त्याच सिनेमाचं. रोज सकाळी जायचं आणि त्या कळीजवळ बसलेली चिचुंद्री बघायची. कानात आता यंत्र होतं, दिग्दर्शिकेला मी सगळं सांगितलं होतं. तिनं मला काढून टाकलं नाही. ती म्हणाली, तुम्ही बोटं चालवा, कान मास्तरचे घेऊ. पैसे लावणाऱ्यांनी तिच्यामागे लकडा लावला होता की शेवटी चिचुंद्रीला नवं घरटं मिळू दे, पोरं रडत घरी जायला नकोत. ती डगमगत होती. एकदा दुपारी पायऱ्यांवर बसून डबा खाताना मी तिला विचारलं की पहिल्याच दिवशी, ते पहिलं चाक सरकलं तेव्हाच, चिचुंद्रीला कोणी सांगितलं असतं की यात तुझं घर जाणार आहे, तर तिनं हात लावला असता का? तिनं हातातला घास डब्यात ठेवला. म्हणाली, लावला असता असं मला वाटायला हवंय, चार वर्षं त्याच भरवशावर काढली आहेत, पण खात्री नाही. मग म्हणाली, पण सांगितलं असतं तर तिनं घरट्यातलं सामान तरी आधी काढून ठेवलं असतं. ती ते सहज बोलली आणि पुन्हा जेवायला लागली. मी मात्र माझा डबा बंद केला.

शेवट तिनं बदलला नाही. चिचुंद्री कळ ओढते, घड्याळ चालू होतं, हातोडा फिरतो, कोनाड्यातलं गवत वाऱ्यावर उडून जातं, आणि ती बाहेर कठड्यावर अंग आक्रसून बसते. घंटेचा टोला जाड असतो, तो मला नीट ऐकू आला. गेल्या महिन्यात शंभरेक लोकांना तो सिनेमा दाखवला तेव्हा मी शेवटच्या रांगेत होते. पावलांच्या दृश्याला मी पडद्याकडे बघितलंच नाही, लोकांच्या माना बघत होते. सगळ्या माना चिचुंद्रीबरोबर डावीकडून उजवीकडे फिरत होत्या. दिग्दर्शिकेनं पुढच्या सिनेमासाठी मला विचारलं आहे. मी हो म्हटलेलं नाही, नाहीही म्हटलेलं नाही. सकाळी उठले की आधी उशीवर नखानं खरवडून बघते, काल ऐकू आलं तेवढं आज येतंय का. ही सवय वाईट आहे, डॉक्टर ओरडले, पण सुटत नाही.

आता ज्याच्यासाठी हे सगळं लिहिलं ते. तुझी टिकली मला तिच्या व्हायोलिनचे व्हिडिओ पाठवते. आत्या, हे ऐक, आत्या, ते ऐक. मी 'छान' म्हणून कळवते. मागच्या वेळी तिचा गज वर वर सरकत गेला आणि एका जागेनंतर माझ्यासाठी नुसताच हलत राहिला. त्याचं मला वाईट वाटलं, पण भीती वाटली नाही. भीती वाटली ती परवा तुझ्या बायकोच्या संदेशानं. तिनं मजेत लिहिलं होतं की शाळेतून तक्रार आली, मॅडम पाठमोऱ्या फळ्यावर लिहीत बोलतात तेव्हा टिकली शेजारणीच्या वहीत बघते, आणि व्हायोलिनचे सर म्हणतात, हिला वरचे सूर लावायचा कंटाळा आहे. अकरा वर्षांच्या पोरी नाठाळ असतात, तेवढंच असेल. तेवढंच असू दे. पण तिचे कान तपासून घे, आणि तुझेही. डॉक्टरांचं नाव-पत्ता सोबतच्या कागदावर आहे, शनिवारी अकराची वेळ मी तिच्या नावानं घेऊन ठेवली आहे. मी शुक्रवारी संध्याकाळीच तुझ्याकडे पोचते. जे निघेल ते तिला सांगायचं, तिच्यासमोर बसून, तिला ओठ दिसतील असं. तू सांगू शकला नाहीस तर मी सांगेन. फक्त एक कर. मी येईपर्यंत तिच्या हातातून व्हायोलिन काढून घेऊ नकोस. हे पत्र वाचून तू पहिलं तेच करशील या धास्तीनं मी तीनदा हे पान फाडलं. पण आपल्या आईनं कोणालाच काही सांगितलं नाही, आणि मला तसं करायचं नाही.

तुझीच,
ताई